आमच्या वाड्यातलं म्युझियम, चार पायऱ्या आणि ‘हात लावू नये’

ओटीवरचा
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, वाचनालयामागच्या वाड्यात, आम्ही चार-सहा जणांनी मिळून एक छोटं म्युझियम मांडलंय. म्युझियम हा शब्द तसा मोठाच झाला. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं गोठा, एवढाच पसारा. पेरणीची पाभर, तण काढायचं कोळपं, जातं, उखळ, धान्याची पायली-शेराची मापं, मोडी कागदांची एक पेटी, दोन तलवारी (त्यातली एक नाटक मंडळाची निघाली, ते पुन्हा कधीतरी) आणि तळ्याच्या बांधावर आडवे पडलेले तीन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), जे आम्ही ट्रॅक्टरनं आणून उभे केले.

गेल्या महिन्यात नंदगड-हलशी बघून एक सहल आमच्याकडे आली. त्यात एकजण व्हीलचेअरवर होते. ओटीला जांभ्या दगडाच्या चार पायऱ्या. आमची पोरं ‘उचलू की’ म्हणून पुढं झाली. ते गृहस्थ म्हणाले, “नको, मागे एकदा असंच उचलताना पडलोय. मी अंगणात बसतो, तुम्ही बघून या.” तासभर ते तुळशीजवळ बसून राहिले. आम्ही चहा दिला, दुसरं काही सुचलं नाही.

त्याच सहलीत कॉलेजची एक मुलगी होती, तिला अजिबात दिसत नाही. मैत्रिणीनं तिला आमचा बोर्ड वाचून दाखवला, ‘वस्तूंना हात लावू नये’. ती हसली. सगळं फिरून झाल्यावर म्हणाली, “वास छान आहे तुमच्या म्युझियमला.”

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कमिटीत विषय काढला. गवंडी म्हणतो आठ फुटांचा उतार करून देतो, विषय संपला. मला तो संपलेला वाटत नाही. पायऱ्यांची उंची २८ इंच, अंगण १९ फूट, मधे तुळस. पैसे म्हणाल तर वाचनालयाच्या गणपतीत उरलेले. काय करावं?

कुंदा_खाऊ
धाग्यावर बसून आहे. नाटकातल्या तलवारीची गोष्ट आधी सांगा.

लेथ_मास्तर
बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, म्हणून मापाचं तेवढं बोलतो. व्हीलचेअरच्या उताराला नियम बारास एक. एक इंच चढायला बारा इंच लांबी. २८ इंच चढायचे तर २८ फूट उतार, मधे सपाट टप्पा, वळण असेल तर तिथंही टप्पा. रुंदी चार फूट, म्हणजे १२०० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना कठडा, त्यालाही दोन उंच्या, ७६० आणि ९०० मिलिमीटर.

तुमच्या गवंड्याचा आठ फुटांचा उतार म्हणजे साडेतीनास एक. त्याच्यावरून स्प्लेंडर चढेल, माणूस नाही. असे उतार बेळगावात पैशाला पासरी आहेत. आमच्या जवळच्या एका बँकेचा असाच आहे. त्याच्यावर फक्त वॉचमन सायकल लावतो.

ओटीवरचा
मास्तर, २८ फूट कुठून आणू? अंगण संपून रस्ता लागतो आणि वर शेजाऱ्याची गवताची गंजी!

चंदगडी_गडी
राग मानू नका, पण वर्षातून असे किती जण येणार? दोन? तीन? तेवढ्यासाठी जुन्या वाड्याची मोडतोड करायची? त्यापेक्षा त्या पैशात चार कपाटं घ्या. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी असतात, त्यातून एकदा असाच रॅम्प झाला. त्याच्यावर आता भात वाळतंय.

ओटीवरचा
चंदगडचे दादा, तुमच्यासारखंच मलाही वाटलं म्हणून व्हिजिटर बुक काढून बघितलं. अडीच वर्षांत असा एकही माणूस नाही. मग लक्षात आलं, व्हिजिटर बुक ठेवलंय कुठं, तर चार पायऱ्या चढून ओटीवर.

चंदगडी_गडी
😀 हे मान्य. तरी पैशाचा मुद्दा राहतोच.

शहापूरचा_तात्या
मी पोलिओवाला. दोन कुबड्या, वय ६१. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, अपंग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हीलचेअर येते. मला उतार नको असतो. उतारावर कुबडीचं टोक घसरतं, उतरताना तर जीव मुठीत. मला बारक्या, सारख्या उंचीच्या पायऱ्या द्या आणि धरायला पाइप द्या, मी तुमच्या राजहंसगडावरपण येतो. जुन्या वाड्यांच्या पायऱ्यांचा घात काय असतो सांगू? एक सहा इंचांची, पुढची नऊ, शेवटची पाच. पाय अंदाजानं उचलतो आणि फसतो. पण उतारासाठी म्हणून त्या चार पायऱ्या मोडू नका. एका बाजूला पाइप लावा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा. नजर कमी झालेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तो लागतो.

दुसरी गोष्ट, लोखंडी जाळीचा रॅम्प कुणी सुचवला तर हो म्हणू नका. कुबडीचं टोक भोकात अडकतं. नुसती चेकर्ड प्लेटही नको, खानापूरच्या पावसात ती साबण होते.

तिसरी, बसायला जागा. म्युझियममध्ये माणसानं उभंच राहावं असं कुणी ठरवलं कोण जाणे. माजघरात पाठीचं एक बाक ठेवा. हाताला टेकू असलेलं, म्हणजे उठता येतं. बघा, सगळ्यात आधी त्याच्यावर कमिटीचे अध्यक्ष बसतील.

आणि चौथी, जी कुणी विचारत नाही. संडास आहे काय?

ओटीवरचा
तात्या, आहे... वाचनालयाच्या मागं. भारतीय पद्धतीचा, दोन पायऱ्या चढून, दार आत उघडतं. लिहितानाच लाज वाटली.

शहापूरचा_तात्या
लाजू नका, बहुतेक ठिकाणी असंच. दार तेवढं बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडकतं, बाहेरच्याला आत जाता येत नाही. माझी बायकोपण पोलिओचीच. सहलीच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही. तुमची पाभर चांगलीच असेल हो, पण तहानलेल्या बाईला ती दहा मिनिटांच्या वर बघवत नाही.

मोडी_वाचक
उताराबद्दल मला गती नाही, पण ‘हात लावू नये’बद्दल बोलायला हवं. तो बोर्ड दुष्टपणानं लावलेला नसतो. हाताच्या घामातले क्षार लोखंडाला आणि तांब्याला खातात, बोटांचे ठसे वर्षभरानं गंजून उमटतात. मोडी कागद तर एकदा तुकडा पडला की गेला. मी आयुष्यभर लोकांचे हात कागदावरून बाजूला करत आलोय. आता एका दिवसात ‘लावा हात’ म्हणणं मला जमणार नाही.

ठिपके
मोडीकाका, तुमच्याशी भांडायला नाही आले, पण जरा ऐका. मी जन्मापासून अंध, बेळगावात शाळेत शिकवते. हा धागा फोनवर ऐकत्येय (कुंदा_खाऊ, तुमच्या आयडीतली खालची रेघ फोन दर वेळी ‘अंडरस्कोर’ म्हणून वाचतो, कुंदा अंडरस्कोर खाऊ).

सगळ्याला हात लावू द्या असं आम्ही म्हणत नाही. कागदाला हात लावून मला काय कळणार? कागदच. तलवारीची धार मला बघायची नाही, पण मूठ धरून बघायची आहे. तुमच्याकडच्या वस्तूंचे दोन भाग पाडा. जातं, उखळ, पाटा-वरवंटा, पायली, पाभर, घंगाळ ही शंभर वर्षं हातांतच वाढलेली माणसं आहेत. त्यांना माझ्या दोन हातांनी काय होणार? तुमच्या कुलपातल्या नाण्यांना नको हात. तिथं मातीची मोठी प्रतिकृती ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ साली ‘अनुभव’ नावाचं दालन केलं, सगळ्या प्रतिकृती, हातानं बघायच्या. आपल्याकडे तर खानापुरात कुंभारकामाची संस्था आहे, माती आहे, चाक आहे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या, छतातलं कमळ तुम्ही मान वर करून बघता. मी तिथं चारदा गेल्ये आणि चारही वेळा लोकांनी मला ‘वर कमळ आहे’ एवढंच सांगितलं. कुणी तेच कमळ ताटाएवढं मातीत करून मांडीवर दिलं तर?

आणि ओटीवरचे, तुमच्याकडे सोनं पडलंय ते सांगते. वीरगळ. लहानपणी मामाच्या गावी देवळामागं होता. मी त्याच्यावर हात फिरवून खेळायचे. तळाशी घोडा, भाला, एकावर एक पडलेली माणसं. त्याच्या वरच्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरा, मधे तो वीर. सगळ्यात वर पिंडी, तिच्यासमोर बसलेला तो, आणि टोकाला चंद्रसूर्य. खालून वर वाचायचं, लढला, मेला, कैलासाला गेला. कुणी न सांगता सात वर्षांच्या मुलीनं बोटांनी ती गोष्ट वाचली होती. दगड आहे, शेकडो वर्षं पावसात होता. हात धुऊन, पुसून, अंगठ्या-बांगड्या काढून हात लावला तर काही बिघडणार नाही. तुम्ही ते उभे केलेत ना, आता टोक किती उंच गेलंय बघा. चंद्रसूर्यापर्यंत हात पोचला पाहिजे. खुर्चीत बसलेल्याचा नाही पोचला तरी खालची लढाई तर हाताखाली येईल.

बारकं-सारकं: काठी जमिनीवरचं सांगते, कपाळासमोरचं नाही. वाड्याची दारं बुटकी असतात. “वाका” असं आधी सांगा, लागल्यावर नको. आणि मदत करताना माझा दंड धरून मला ढकलू नका, तुमचा कोपर द्या, मी धरते.

मोडी_वाचक
ठिपकेताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वीरगळाला हात लावायला माझी हरकत नाही. जात्याला तर मुळीच नाही, ते हात लावूनच गुळगुळीत झालंय. कागदांबद्दल मात्र मी अडून बसणार. हवं तर त्यातली दोन पत्रं मी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून देतो. एक भाऊबंदकीचं आहे, सन १८०० च्या आसपासचं. शिव्या फार सुंदर आहेत.

कुंदा_खाऊ
शिव्यांसाठी +१. आणि ताई, आयडी बदलायचा अर्ज करतो 😀

निपाणीचा_बिडीवाला
ब्रेल पाट्या पण करणार काय? मग आपल्याकडे प्रश्न येणार की. मराठीत का कानडीत? कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कानडी पाहिजे म्हणून कायदा झालाय. ब्रेलमध्ये साठ टक्के कसं मोजणार मर्दा? ठिपके मोजून?

संचालक
सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत. इथं नको. (ठिपके मोजायची कल्पना मात्र आवडली.)

ठिपके
बिडीवाले काका, तुम्ही गंमत केलीत, पण उत्तर मजेशीर आहे. ब्रेलमध्ये हे भांडण अर्धं मिटलेलंच आहे. १९५१ पासून भारतातल्या भाषांना भारती ब्रेल ही एकच ठिपक्यांची लिपी आहे. मराठीतला ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. कानडीतला ‘ಕ’ पण तोच, हिंदीतला, तमिळमधला पण तोच. कानडीत ऱ्हस्व ए-ओ आहेत, त्यांना वेगळे ठिपके, एवढा किरकोळ फरक. तुम्ही डोळस लोक कानडी पाटीसमोर उभं राहून “काय लिहिलंय गा?” विचारता. मला कानडी बोलायला येतं, म्हणून मी कानडी ब्रेल वेगळं न शिकता वाचते. तेव्हा ‘कित्तूर’ एकदाच टोचा, दोघांनाही पुरतं.

निपाणीचा_बिडीवाला
आं? खरंच? पन्नास वर्षं सीमाभागात राहतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनाच ब्रेल शिकवा म्हणावं.

काळा_कोट
वकिली सवय, म्हणून थोडक्यात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. म्हणजे स्वमग्नता (ऑटिझम), सिकलसेल, पार्किन्सन हेही आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे करा, नुसत्या सूचना नकोत, असं सांगितलं. तुमच्या गणपतीच्या शिलकीवर कोणी नोटीस घेऊन येणार नाही, पण सरकारी अनुदानाला अर्ज केलात तर हे मुद्दे लिहा. तिकीट ठेवलंत तर सवलतीला यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, बघा. ते देशभर चालतं. चंदगडहून आलेल्याला “हे महाराष्ट्राचं सर्टिफिकेट” म्हणून परत पाठवू नका.

ओटीवरचा
तिकीट नाहीच. एक डबा आहे, त्यात लोक दहा रुपये टाकतात. लहान मुलं गोट्या टाकतात.

सांबरेकर
माझा धाकटा भाऊ बहिरा आहे, त्याच्याबद्दल लिहितो. त्याला तुमच्या पायऱ्यांचं काही नाही, धावत येईल. पण आत आल्यावर माहिती सांगणारा माणूस खिडकीकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याचा चेहरा काळा दिसतो. ओठ दिसत नाहीत. माहिती सांगणाऱ्यानं उजेडाकडे तोंड करावं, तोंडासमोर हात किंवा वही धरू नये, आणि वस्तूकडे बोट दाखवताना आधी बोट, मग बोलणं. भाऊ एकाच वेळी तुमचं तोंड आणि पाभर बघू शकत नाही. याला पैसे लागत नाहीत.

दुसरं म्हणजे, बहिऱ्यांना लिहिलेलं दिलं की झालं असं नाही. भावाची पहिली भाषा खुणांची. मराठी त्याला शाळेत परकी भाषा म्हणून आली. ‘सदर अवजाराचा उपयोग पेरणीसाठी केला जात असे’ या वाक्यात तो अडकतो. ‘ही पाभर. हिनं भात पेरतात.’ हे त्याला पटकन कळतं. (खरं सांगू, मलापण.)

आणि वरच्या ब्रेलच्या गोष्टीला जोडून, भारतीय सांकेतिक भाषाही मराठी-कानडी नसते. भाऊ हुबळीच्या मित्रांशी तासन्‌तास बोलतो, मी शेजारी अडाण्यासारखा बसलेला.

वडगावची_अक्का
मुलगा स्वमग्न आहे, वय १४. आम्ही सहसा कुठं जात नाही. गेलं की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, “ओरडतोय का तो? सांभाळा की जरा.” मग मी त्याला घेऊन बाहेर. बापाच्या वाट्याला म्युझियम, माझ्या वाट्याला पार्किंग.

मला रॅम्प नको, ब्रेल नको. दोनच गोष्टी. एक, गर्दी नसलेली वेळ कधी ते फोनवर खरं सांगा. दोन, त्याला एकाच वस्तूपाशी हवं तितकं थांबू द्या. तो जातं फिरवत बसला तर अर्धा तास फिरवेल. ‘चला पुढं’ म्हणू नका. आणि देवळातली घंटा वगैरे टांगली असेल तर आधी सांगा, अचानक वाजली की त्याचा दिवस संपतो. वाड्याचे पाच-सहा फोटो आधी पाठवलेत तर मी त्याला आदल्या रात्री दाखवते. इथं दार, इथं जातं, इथं गोठा. ओळखीच्या घरी गेल्यासारखा येतो मग.

ओटीवरचा
अक्का, मंगळवारी सकाळी आमच्याकडे मांजराशिवाय कोणी नसतं. जातं तुमच्याच मुलाची वाट बघतंय असं समजा. घंटा आहे, काढून ठेवतो.

बुवा_अनगोळ
सगळे दिव्यांग, अपंग काय वाट्टेल ते लिहितायत. दिव्यांग हाच शब्द वापरायचा असतो ना?

शहापूरचा_तात्या
कागदावर दिव्यांग लिहा, कानडी फॉर्मवर विकलचेतन लिहा. मला तात्या म्हणा. माझ्यात दिव्य काही नाही, बायकोला विचारा.

लेथ_मास्तर
मूळ मुद्द्यावर येतो. ओटीवरचे, तुम्ही गोठ्याचं म्हणालात. तिथल्या दाराला किती पायऱ्या?

ओटीवरचा
पायऱ्या नाहीत. मागची जमीनच उंच आहे. उंबरा तेवढा पाच इंच. दार साडेतीन फूट रुंद. पुढचं दार दोन फूट चार इंच.

लेथ_मास्तर
मग झालं की हो! पाच इंचांना पाच फूट उतार. दार ९०० मिलिमीटर पाहिजे, तुमचं त्याहून मोठं. पुढच्या दारातून खुर्ची गेली असती तरी बोटांची सालटी निघाली असती. जिथनं म्हैस आत यायची तिथनं खुर्ची येणार नाही काय?

शहापूरचा_तात्या
मास्तर, माप बरोबर. पण थांबा. परसदारानं कोणाला आत घ्यायचे, हे आपल्या गावांत कोणी विसरलं नाही. ज्याला ओटीवर चढू द्यायचं नाही, त्याला. पुढच्या दाराला तोरण, रांगोळी, कोरीव चौकट, तिथनं सगळे. आणि “तुमच्यासाठी मागनं सोय केलीय हं.” मी अशा सोयींतून पुष्कळ गेलोय. हॉटेलात भटारखान्यातून, ऑफिसात कचऱ्याच्या डब्यांजवळून. आत पोचतो, पण पोचेपर्यंत मन उतरलेलं असतं.

चंदगडी_गडी
तात्या, पण २८ फूट जागाच नाही तर माणसानं करायचं काय? काहीच नसण्यापेक्षा मागचं दार बरं.

शहापूरचा_तात्या
बरं आहेच. बरं आणि चांगलं यात फरक आहे तेवढा सांगितला.

वडगावची_अक्का
मग सगळ्यांनाच मागनं घ्या की.

मोडी_वाचक
अक्का, कोरीव चौकट ही त्या वाड्याची शान आहे. पाहुण्याला पहिल्यांदा गोठा दाखवायचा?

वडगावची_अक्का
शेतकऱ्याचं घर आहे ना ते? भात कुठल्या दारानं घरात येतं हो काका?

ओटीवरचा
(बऱ्याच दिवसांनी येतोय. धागा वर काढतो.)

अक्कांचं ते एक वाक्य मी कमिटीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. दोन बैठका भांडणात गेल्या, एकजण उठून गेले, तिसऱ्या बैठकीला चहा प्यायला परत आले. शेवटी ठरलं. आता सगळ्यांचाच प्रवेश गोठ्यातून.

आणि गंमत अशी झाली की मांडणीच सुधारली. आधी आम्ही ओटीवर तलवारी, माजघरात कपाटं, आणि जे कुठं बसेना ते गोठ्यात, असं केलं होतं. आता माणूस आत येतो तो नांगर, पाभर, कोळप्यापाशी. मग मापं आणि कणगी. मग उखळ, जातं, चूल. मग माजघरात बाक, मोडीकाकांचा आवाज (शिव्यांचं पत्र सगळे दोनदा ऐकतात), आणि शेवटी ओटी आणि ती कोरीव चौकट, आतल्या बाजूनं. भात जसं शेतातून पानात येतं त्याच वाटेनं. व्हिजिटर बुक गोठ्यात, गुडघे खाली जातील अशा टेबलावर.

वीरगळांचं टोक खाली आणायला दोन पुन्हा फूटभर पुरले. तिसरा उंचच होता, त्याच्या बाजूला दगडी ओटा बांधला. पायऱ्यांना पाइप बसला. पिवळा पट्टा मारला तर अध्यक्ष म्हणाले पेट्रोल पंपासारखं दिसतंय. तसंच ठेवलं. वीरगळांची पाटी आधी बावीस ओळींची होती, आता पाच ओळी, मोठं अक्षर, चकचकीत फ्लेक्स नाही.

काय झालं नाही तेही सांगतो. संडासाचं दार बाहेर उघडणारं केलं, एक आडवा पाइप लावला, पण पायऱ्या तशाच आहेत आणि खुर्ची वळायला पाच फूट जागा नाही. म्हणून फोनवर येणाऱ्याला आधीच खरं सांगतो. खुणांच्या भाषेतला व्हिडिओ सांबरेकरांचा भाऊ करणार आहे, अजून आलेला नाही. आणि उतार केला, पण पावसात त्याच्यावर शेवाळ चढणार, त्याला काय उपाय?

लेथ_मास्तर
शेवाळाला ब्लीचिंग पावडर आणि काथ्याचा ब्रश, पावसाळाभर आठवड्याला एकदा. वर पत्रा टाकलात तर निम्मं काम कमी. पत्रा माझ्याकडून.

सांबरेकर
भाऊ विचारतोय, ‘कोळपं’ला खूण काय करायची? त्यानं हातानं ओढून दाखवलं, मी म्हटलं हे पाभरीसारखं दिसतंय. आता तो रुसलाय. शेतावर नेऊन आणतो त्याला.

ठिपके
परवा जाऊन आल्ये, आमच्या शाळेच्या सात मुलांना घेऊन. मुलं वीरगळापाशी इतका वेळ थांबली की जेवण राहिलं. एकाला तिसऱ्या दगडावर घोड्याच्या पायाखाली कुत्रं सापडलं. ओटीवरचे म्हणाले, आम्हाला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

ब्रेल पाट्यांबद्दल मास्तरांचे आभार. ॲल्युमिनियमवर टोचलेले ठिपके, अर्धा मिलिमीटर उंच, ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर. मी सांगितलं तेवढंच केलं, मोठं करून शोभा आणली नाही. लोक ब्रेल मोठं करतात आणि मग अक्षर बोटाखाली मावत नाही.

फक्त एक. स्वयंपाकघरातल्या एका पाटीवर मला ‘लकश’ असं लागलं. मला वाटलं कानडी शब्द असेल, म्हणून गप्प बसले. बरोबरच्या कानडी शिकलेल्या मुलाला वाटलं मराठी असेल, म्हणून तोही गप्प. बाहेर आल्यावर आम्ही एकमेकांना विचारलं.

ओटीवरचा
‘लकश’? तिथं तर उखळ आहे.

ठिपके
तेच. पाटी उलटी लावलीय. ब्रेलमध्ये ‘ळ’ उलटा केला की ‘ल’ होतो, ‘ख’चा ‘क’ होतो आणि ‘उ’चा ‘श’. शेवटून पहिल्याकडे वाचा.

लेथ_मास्तर
स्क्रू मी मारले नाहीत. गवंड्यानं मारलेत.

निपाणीचा_बिडीवाला
राहू दे की ती तशीच. सीमाभागातला पहिला शब्द, जो मराठीपण नाही आणि कानडीपण नाही.

ठिपके
नको हो काका. मुलांनी घरी जाऊन सांगितलंय, आम्ही आज लकश बघितलं.

ओटीवरचा
आत्ताच जाऊन सरळ केली. अक्का, मंगळवारी येताय ना? घंटा काढलीय, मांजराला सांगितलंय.